सनद नसलेली वकील

एका मुलीला सरकारी नोकरी हवी होती. ती नाशिकला जन्मली, बेळगावात आणि पुण्यात वाढली, डेक्कन कॉलेजात शिकली. तिची पात्रता कुणी नाकारत नव्हते. अडचण एवढीच होती, की ती बाई होती आणि सरकारच्या दप्तरात बाईसाठी अशी जागाच नव्हती. तेव्हा तिने आधी ती जागा निर्माण करून घेतली आणि मग तिच्यावर नेमणूक मिळवली. यात तिच्या आयुष्याची उमेदीची दहाएक वर्षे गेली. या मुलीचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

भारतातली पहिली महिला वकील म्हणून हे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून मुलांना पाठ असते. पहिली अमुक, पहिली तमुक अशा याद्यांचा एक तोटा असतो. पहिलेपणाचा मान दिसतो, त्यासाठी मोजलेली किंमत दिसत नाही. मी बँकेत अधिकारी म्हणून नोकरी केली. नेमणूकपत्र, पदनाम, वेतनश्रेणी, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन हे शब्द माझ्या रोजच्या परिचयाचे. म्हणून कॉर्नेलियाबाईंच्या चरित्राकडे मी त्याच नजरेने पाहते. या बाईला कुणी, केव्हा आणि कोणत्या अटींवर कामावर घेतले, हा माझा प्रश्न.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील सोराबजी खरसेटजी मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते मिशनरी झाले. आई फ्रान्सिना यांना लहानपणी एका इंग्रज दांपत्याने दत्तक घेतले होते. त्या दत्तक आजीचेच नाव नातीला मिळाले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले आणि वेगवेगळ्या धर्मांच्या मुलामुलींना एका छताखाली शिकवले. घरात मुलींचीच संख्या मोठी, पण मुलगी झाली म्हणून कुणी कपाळाला हात लावल्याचे ऐकिवात नाही. एक बहीण डॉक्टर झाली, तर सुसी या दुसऱ्या बहिणीने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा काढली.

वकिलीचा विचार कॉर्नेलियाच्या मनात लहानपणीच आला. ती हकीकत तिने पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे. आईकडे सल्ल्याला अनेक बायका येत. त्यांत काठेवाडकडची एक श्रीमंत विधवा होती. ती पडद्यात राहणारी, सगळा व्यवहार कारभाऱ्यावर सोपवलेला. त्याने कागदावर सही घेतली आणि बाईंची मालमत्ता गिळली. दाद मागायची तर वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, आणि परक्या पुरुषासमोर बसून बोलायची तिला मुभा नाही. ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलीने ठरवले, की अशा बायकांना आपले म्हणणे मांडता येईल असे कुणीतरी व्हायचे.

मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची दारे १८८३ साली उघडली. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात दाखल झाली ती तिथली पहिली मुलगी म्हणून. वर्गात पोचण्याआधी मुलगे दार लावून घेत, ते उघडून घेऊन आत जाण्यापासून तिचा दिवस सुरू होई. ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून तिचेच नाव घेतले जाते. परीक्षेतल्या तिच्या स्थानावर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण शिष्यवृत्ती पुरुष विद्यार्थ्यांसाठी होती. गुण मुलीचे असू शकतात, पण पैसे मुलीला देता येत नाहीत, असा तो हिशेब.

शिष्यवृत्ती हुकल्यावर ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. समोर सगळे पुरुष विद्यार्थी. एका तरुणीने पुरुषांच्या कॉलेजात शिकवणे त्या काळात नवलच होते. इकडे इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढून तिच्या शिक्षणाची सोय केली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली आणि कायदा शिकू लागली. १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. या परीक्षेला बसायची वेळ आली, तेव्हा बाईने पुरुषांबरोबर एका दालनात बसून पेपर लिहायचा की नाही, यावर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती बसली आणि उत्तीर्णही झाली. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले ते १९२० साली. त्यामुळे १८९२ च्या परीक्षेची पदवी तिच्या हाती पडली तेव्हा १९२२ साल उजाडले होते. तीस वर्षे!

१८९३ साली कॉर्नेलियाबाई हिंदुस्थानात परतल्या. शिक्षण झाले होते, काम करायची इच्छा होती आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्या बायकाही होत्या. अडले होते ते सनदेपाशी. काठेवाड आणि इंदूरकडच्या संस्थानी एजन्सीत खास परवानगीने त्यांना बायकांची बाजू मांडता येई. ब्रिटिश मुलखातल्या कोर्टात मात्र सनदेशिवाय वकील म्हणून उभे राहता येत नव्हते. १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्यांनी आरोपीचा बचाव केला आणि आरोपी सुटला. तिथे त्या वकील म्हणून उभ्या नव्हत्या, कोर्टाने परवानगी दिलेली एक व्यक्ती म्हणून उभ्या होत्या.

याच दिवसांतला एक मजेदार खटला त्यांनी लिहून ठेवला आहे. पंचमहालकडच्या एका राजाच्या आजोबांनी एका हत्तीला चारापाण्यासाठी जमीन लावून दिली होती. नातवाने ती बंद केली. आपल्या बाई उभ्या राहिल्या त्या हत्तीच्या वतीने. न्यायाधीश कोण, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच राजा, तोही झोपाळ्यावर बसलेला. बाईंनी तोंड उघडण्याआधीच निकाल त्यांच्या बाजूने लागला. का, तर राजाच्या कुत्र्याला बाई आवडल्या होत्या. वाचताना हसू येते. पण संस्थानी कोर्टात लहरीवर का होईना त्यांना उभे राहता येत होते, आणि नियमांवर चालणाऱ्या ब्रिटिश कोर्टात येत नव्हते, हेही त्यात आहेच.

नियमांच्या वाटेने जायचे म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. केली. १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. त्या उत्तीर्ण झाल्या, पण हायकोर्टाने नाव नोंदवून घेतले नाही. ही एकट्या कॉर्नेलियाबाईंची अडचण नव्हती. पुढे १९१६ साली कलकत्ता हायकोर्टात रेजिना गुहा यांनी आणि १९२१ साली पाटणा हायकोर्टात सुधांशुबाला हाजरा यांनी हाच दरवाजा ठोठावला, आणि दोघींनाही परत पाठवण्यात आले. कायद्यात शब्द होता व्यक्ती. न्यायमूर्तींच्या मते वकिलीपुरता त्या शब्दात बाईचा समावेश होत नव्हता.

तेव्हा बाईंनी वेगळा मार्ग धरला. जमीनदारीचा मालक मरण पावला आणि वारस अज्ञान मूल किंवा विधवा असली, की सरकार ती मालमत्ता आपल्या देखरेखीखाली घेई. या खात्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. नाव कोर्टाचे, काम कारभाराचे. बंगालच्या १८७९ च्या कायद्यात अज्ञान मुले, वेडसर माणसे आणि कारभाराला अपात्र ठरवलेल्या स्त्रिया या एकाच पंक्तीला बसवल्या होत्या. कलेक्टर आणि त्याचे व्यवस्थापक जमिनीचा हिशेब ठेवत, पण ज्या बाईची ती जमीन ती चिकाच्या पडद्यामागे. तिला काय हवे, तिच्यावर कोण दडपण आणते, तिच्या मुलाला कोण काय खाऊ घालते, हे कोणत्याही साहेबाला कळण्याची सोय नव्हती. कॉर्नेलियाबाईंचे म्हणणे साधे होते. या खात्याला पडद्याआड जाऊ शकेल अशी कायदा जाणणारी स्त्री हवी. त्यांनी अर्ज केले, इंग्लंडमधल्या ओळखींचा उपयोग केला, वर्तमानपत्रातून लिहिले, इंडिया ऑफिसचे उंबरे झिजवले. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये लेडी असिस्टंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय सदतीस.

पदनाम पाहा. कायद्याच्या दोन विद्यापीठांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेली, संस्थानी कोर्टांत काम केलेली व्यक्ती, आणि पद सहायकाचे. त्या शब्दाच्या आधी लेडी. पुरुष अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेच्या यादीत हे पद कुठे बसते याचा पत्ता नाही. पदाचा दर्जा, पगार आणि निवृत्तिवेतन यांसाठी त्यांना पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा लागला. नोकरीत शिरण्यासाठी एक लढाई आणि शिरल्यावर इतरांसारखी नोकरी मिळावी म्हणून दुसरी.

काम मात्र त्यांनी जीव ओतून केले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा मुलूख होता. रेल्वे, होडी, पालखी, बैलगाडी, प्रसंगी हत्ती, अशा वाहनांनी त्या हिंडल्या. वारसाहक्काचे तंटे, दत्तकाचे वाद, सासू-सुनांचे अबोले, लहान वारसांच्या शाळा, आजारपणे, सगळे त्यांच्याकडे येई. निवृत्त होईतो सहाशेहून अधिक स्त्रिया आणि मुले यांना त्यांची मदत झाली असे मानले जाते. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पदक देणे सरकारला नेहमीच सोपे जाते.

रत्नागिरीच्या वाचकांना याच काळातली एक गोष्ट आठवेल. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली आपल्या गावात आणून ठेवले. राणी सुपयालत आणि चार राजकन्या यांचे आयुष्य इथेच बंदिस्त गेले. १९१० साली टेकडीवर राजवाडा बांधून झाला, १९१६ साली राजा वारला आणि १९१९ साली कुटुंब मायदेशी परतले. या घराण्याचा खर्च, पत्रव्यवहार, येणे-जाणे यांवर देखरेख करायला सरकारी अधिकारी असे, आणि तो पुरुष असे. राजवाड्यात वाढणाऱ्या त्या मुलींचे मन जाणून घेईल अशी स्त्री सरकारला नेमावीशी वाटली नाही. थिबा पॅलेस पाहायला पाहुण्यांना घेऊन जाते तेव्हा मला हटकून कॉर्नेलियाबाई आठवतात. बंगालमध्ये नेमणूक झाली ती एका बाईने सरकारची पाठ सोडली नाही म्हणून. जिथे तसे कुणी नव्हते, तिथे काही झाले नाही.

आणि पडदानशीन बाई म्हणजे काही लांबची गोष्ट नाही. आपल्या कोकणात पडद्याची चाल नाही. नवरा मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसे बाईच्या डोक्यावर, अशीच इथली पिढ्यानपिढ्यांची रीत. मनिऑर्डरीवर सही करणारी, खोताकडे आणि तलाठ्याकडे खेपा घालणारी बाई इथे नवी नाही. तरीही कलमांच्या बागेवर कर्ज द्यायचे म्हणून मी सातबारा आणि जोडलेले कागद तपासायला घेई, तेव्हा त्यांत बहिणींची हक्कसोडपत्रे असत. खाली डाव्या अंगठ्याचे ठसे. वडिलांच्या बागेतला आपला हिस्सा सोडताना त्या बहिणींना कागद कुणी वाचून दाखवला होता का, हे कागदावरून कळत नसे. निरक्षर खातेदाराला मजकूर समजावून सांगितल्याची नोंद आणि साक्षीदार घेण्याची जी पद्धत बँकेत आहे, तिच्यामागे हीच जुनी जखम आहे. पडदानशीन बाईच्या सहीचा कागद असेल, तर तो तिला नीट समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी लाभ घेणाऱ्यावर, असे न्यायालयांनी फार पूर्वी ठरवून दिले. पुढे निरक्षर स्त्रियांनाही ते संरक्षण लागू झाले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. वाटा मिळाला, हक्कसोडपत्रे थांबली नाहीत.

मी नोकरीला लागले त्या काळात एका बँकेच्या मुलाखतीत मला कर्जाच्या नियमांविषयी एक आणि लग्नाविषयी चार प्रश्न विचारले गेले. लग्नानंतर बदली झाली तर काय, वाडीवस्तीवर वसुलीला एकटी कशी जाणार, मूल झाल्यावर काय. तिथे माझी निवड झाली नाही आणि कारणही कळले नाही. कारण न कळणे हीच या अन्यायाची खरी खुबी. कॉर्नेलियाबाईंना निदान स्पष्ट सांगितले गेले, की तुम्ही स्त्री आहात म्हणून नाही. पुढच्या पिढ्यांना तेच उत्तर गुळमुळीत शब्दांत मिळाले.

कायदा हळूहळू बदलला. इंग्लंडमध्ये १९१९ साली स्त्रियांना वकिलीची दारे उघडली. अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ साली कॉर्नेलियाबाईंचे नाव अखेर नोंदवून घेतले आणि १९२३ च्या कायद्याने देशभरातल्या स्त्रियांचा मार्ग मोकळा झाला. बाई नोकरीतून निवृत्त होऊन कलकत्त्याला बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा वय सत्तावन्नच्या पुढे. खटले फारसे मिळाले नाहीत. लेखी मत द्यायचे काम येई, कोर्टात उभे राहण्याचे नाही. १९२९ साली त्यांनी ते सोडले आणि लंडन गाठले.

त्यांचे सगळेच गोड मानून घ्यावे असे नाही. त्या साम्राज्याच्या निष्ठावान होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरीन मेयो यांच्या १९२७ सालच्या मदर इंडिया या पुस्तकाने देश संतापला असताना त्यांनी मेयोबाईंची बाजू घेतली आणि उरलेसुरले मित्र गमावले. ज्या सरकारने त्यांना दारात तिष्ठत ठेवले त्याच सरकारवर त्यांनी आयुष्यभर विश्वास टाकला, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. कदाचित ज्या समाजात हक्काचे कुणी नव्हते, तिथे दरवाजा किलकिला करणारा परकाच त्यांना जवळचा वाटला असेल. स्वातंत्र्यानंतर आपण त्यांना विसरलो त्याचे कारण मुख्यतः हेच. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अर्धपुतळा २०१२ साली बसला तोही लंडनच्या लिंकन्स इनमध्ये.

राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करण्यास मनाई केली. तरीही परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा यांनी दाद मागितली आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले, तेव्हा कुठे अशा नियमांचा आब गेला. महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणात सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के जागा ठेवल्या. आज तहसील कचेरीत, न्यायालयात, पोलिस ठाण्यात खुर्चीवर बाई दिसते आणि कुणी वळून पाहत नाही. ही कमाई लहान नव्हे.

पण एक खाते अजून कॉर्नेलियाबाईंच्या काळात आहे असे मला वाटते. आपल्या वाडीतल्या अंगणवाडीत जाऊन पाहा. १९७५ पासून चाललेली ही सरकारची योजना. गरोदर बाईची नोंद, मुलांची वजने, आहार, लसीकरणाला मदत, शिवाय सर्वेक्षण निघाले की तेही. हे सगळे करणाऱ्या बाईचे पदनाम सेविका, तिच्या जोडीदारणीचे पदनाम मदतनीस. त्यांना मिळते ते पगार म्हणून नाही, मानधन म्हणून. १९०४ सालच्या लेडी असिस्टंटपेक्षा हे फार वेगळे आहे का? काम सरकारचे, जबाबदारी सरकारी नोकराची, आणि दर्जा विचारला की तुम्ही तर स्वयंसेविका. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. त्यानंतरही, २०२३ च्या डिसेंबरात, महाराष्ट्रातल्या सेविकांना आपल्या मागण्यांसाठी दीर्घ संपावर जावे लागले. ही कामे पुरुषांची असती तर त्यांना वेतनश्रेणी मिळायला अर्धे शतक लागले असते, असे मला वाटत नाही.

बाईला कामावर न घेणे हा भेदभावाचा एक प्रकार झाला. काम घ्यायचे आणि नोकरी द्यायची नाही, हा दुसरा. पहिल्याविरुद्ध कायदे झाले, कारण तो डोळ्यांना दिसतो. दुसरा शब्दांच्या आड लपतो, सहायक, सेविका, मदतनीस, मानधन. कॉर्नेलियाबाई पडद्याआडच्या बायकांना एक गोष्ट नेहमी करायला लावत असणार, कारण त्यांचे सारे कामच त्यावर उभे होते. सही करण्याआधी कागद वाचून घ्यायचा. आपल्या घरातली लेक, सून नोकरीला लागेल तेव्हा तिच्या नेमणूकपत्रावरचे पदनाम आणि त्याखालच्या अटी आपणही एकदा तिच्याबरोबर बसून वाचाव्यात. आणि पुढच्या वेळी अंगणवाडीच्या बाई घरी नोंद करायला आल्या, तर त्यांना पाणी देताना महिन्याला हातात किती पडते, तेही विचारावे.